नजर आणि नेकी



धंदा बसला की आपण म्हणतो, "नजर लागली बाप्पा!" मग शेजाऱ्यावर संशय येतो. बोलणे तुटते. मागे पुलगावची कापडगिरणी बंद पडली. बाजारातले गिऱ्हाईक घटले. ते काय शेजाऱ्याच्या नजरेने?

हेवा मात्र खरा असतो. त्यावर मुसलमान दुकानदार काय करतो? 'बिस्मिल्ला' म्हणून दुकान उघडतो. कुराणातला 113वा सूरा 'फलक' म्हणतो. त्यात 5च आयती आहेत. शेवटच्या आयतीत हेवा करणाऱ्यापासून अल्लाचा आसरा मागितला आहे. त्यात कोणा शेजाऱ्याचे नाव नाही. मग आपण तरी का घ्यावे?

पण नुसते म्हणून भागत नाही. 83वा सूरा मापात मारणाऱ्याला धिक्कारतो. ज्याच्याकडे ठरलेल्या मर्यादेइतकी शिल्लक वर्षभर राहिली, त्याने 40वा हिस्सा जकात द्यायचा. म्हणजे हजाराला 25 रुपये गरिबाला. ज्याच्या अडीनडीला आपण धावतो, तो आपल्यावर कशाला जळेल? आणि दुसऱ्याची भरभराट दिसली, तर आपणही 'माशाअल्ला' म्हणावे. आपलीही नजर साफ हवी.

नजर उतरवायला हजारो रुपये मागणारा भोंदू आला, तर पैसा देऊ नका. 2013 सालापासून महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आहे. सरळ पोलिसांकडे जा.

माप पुरे, मन साफ. आम्हाला तरी हाच खरा ताईत वाटतो.