बारा वाजताची सावली
(अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांपुढील भाषण)



वस्तीवरील अभ्यासिकेत संध्याकाळी मुले जमतात तेव्हा भाषेची अडचण कार्यकर्त्याला फारशी जाणवत नाही. गणितही तो कसेबसे निभावून नेतो. तो अडखळतो विज्ञानापाशी. चौथी-पाचवीतील मूल विचारते, "बर्फ घातलेल्या पेल्याला बाहेरून पाणी कोठून आले?" किंवा, "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का?" आणि पदवीधर कार्यकर्त्याचीही क्षणभर तारांबळ उडते. अशा वेळी गाइडातील वाक्य वाचून दाखविणे सोपे असते. 'हे पुढच्या इयत्तेत येईल' असे सांगून वेळ मारून नेणे त्याहूनही सोपे. परंतु दोन्ही प्रकारांत मुलाची एकच समजूत पक्की होते. विज्ञान म्हणजे कोणीतरी दूरवर ठरवून ठेवलेली उत्तरे. त्यात स्वतःच्या डोळ्यांना काही काम नाही.

प्राथमिक शाळेतील एक नेहमीचा प्रश्न घ्यावा. दुपारी बारा वाजता सावली कोठे पडते? अपेक्षित उत्तर असते: पायाशी, कारण सूर्य डोक्यावर असतो. कित्येक पिढ्यांनी हे उत्तर पाठ केले, त्यावर गुण मिळविले. आणि वर्षातील जवळजवळ सर्व दिवशी ते चूक असते. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत भर मध्यान्ही एक मीटरची काठी उभी केली, तर तिची सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर पडते. म्हणजे जवळजवळ काठीएवढीच! २१ जूनच्या सुमारास ढगांनी कृपा केली, तर हीच सावली सात-आठ सेंटिमीटरांची होऊन चक्क दक्षिणेकडे पडलेली दिसते. सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो महाराष्ट्रात कोठेही वर्षातून दोनच दिवस. दिल्लीसारख्या कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील शहरात तर तो एकही दिवस येत नाही.

शिवाय 'बारा' हे घड्याळाचे बारा. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे. एका अंशामागे चार मिनिटे या हिशेबाने मुंबईची मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरी ३९ मिनिटांनी होते, तर नागपूरची सुमारे १४ मिनिटांनी. तेव्हा प्रश्नातील वेळही चुकलेली आणि उत्तरातील सावलीही.

आता पौष महिन्यात शेतावर भाकरी घेऊन जाणाऱ्या मुलीचा विचार करावा. तिने दुपारची सावली बांधावर लांब पसरलेली रोज पाहिलेली असते. तिने तसे लिहिले, तर लाल फुली तिच्या वहीवर उमटते. खाजगी शिकवणीला जाणाऱ्या मुलाने उत्तर घोकलेले असते. डोळा आणि वही यांतून एकाची निवड करण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. ती येते या मुलीवर. दोन-चार वेळा असे घडले की ती शहाणी होते, म्हणजे पाहणे सोडून देते. गरीब घरची मुले विज्ञानात मागे का पडतात याची जी कारणे चर्चासत्रांतून मांडली जातात, त्यांत या कारणाचा उल्लेख क्वचितच होतो.

मुलाचे उत्तर खरोखर चुकलेले असते तेव्हाही त्यामागे बहुधा काही अनुभव असतो. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो असे म्हणणाऱ्या मुलाने चूल पाहिलेली असते. जवळ गेले की चटका बसतो हे त्याला ठाऊक असते. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या प्रारंभी, सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटरांवर. आणि सर्वांत दूर जुलैच्या प्रारंभी, सुमारे १५ कोटी २१ लक्ष किलोमीटरांवर. पण हे आकडे फेकून मुलाला गप्प करणे म्हणजे एका पाठांतराच्या जागी दुसरे पाठांतर बसविणे होय. त्याच्या हाती काठीची सावली द्यावी. डिसेंबरात ती लांब, एप्रिलमध्ये आखूड. म्हणजे सूर्य एकदा कललेला आणि एकदा उभा. मग विजेरीचा झोत जमिनीवर प्रथम सरळ व नंतर तिरपा टाकून दाखवावा. तिरपा झोत अधिक जागेवर पसरतो आणि फिका पडतो, हे मूल स्वतःच सांगते. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान अकरा तासांचा असतो, ही जोड त्याला दिली की चुलीचा दाखला आपोआप बाजूला पडतो. एखादे चौकस मूल पुढे विचारील, "मग जूनमध्ये सर्वांत जास्त उकाडा का नाही?" त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातच भरून आलेले असते.

पेल्याच्या प्रश्नाचीही तीच कथा. पाणी आतून पाझरले, असे मूल म्हणते. ते का म्हणणार नाही? घरचा माठ तसाच पाझरतो! 'हवेतील बाष्पाचे सांद्रीभवन' हे शब्द त्याला तोंडपाठ असले तरी मनातला माठ हटत नाही. त्यासाठी गोळेवाल्याकडून थोडा बर्फ व रंगीत सरबत आणावे, ते स्टीलच्या पेल्यात घालावे आणि पावसाळ्यातील दमट दुपारी वाट पाहावी. बाहेरचे थेंब रंगहीन असतात. चाखले तर गोडही लागत नाहीत. आतून आले असते तर ते लाल आणि गोड व्हायला हवे होते, एवढा तर्क आठ वर्षांचे मूल विनासायास करते.

काही प्रश्न मात्र इतक्या सहजासहजी सुटत नाहीत. चिंचेचे एवढे मोठे झाड, त्याचे लाकूड आले कोठून? मातीतून, असे मूल म्हणेल, आणि अनेक प्रौढही तसेच म्हणतील. ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मोंट या वैद्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले व पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती घटली ती दोन औंसांच्या आसपास. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचेच बनते. हे १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. लाकडातील कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हा शोध त्यानंतर बऱ्याच काळाने लागला. पाच वर्षे काटेकोर वजने करणारा मनुष्य हवेला विसरला, हे मुलांना अवश्य सांगावे. ज्याला उत्तर येत नाही तो 'ढ', ही भावना अशा गोष्टींनी सैल होते.

शिक्षण कोणाच्या पैशावर आणि कोणासाठी, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवला. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, असे त्यांनी निक्षून सांगितले. प्राथमिक शाळांत शेतीचे मूलभूत ज्ञान शिकवावे, ही मागणीही त्याच निवेदनात होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा दरवाजा कायद्याने उघडून दिला. परंतु आत शिरलेल्या मुलाने पाहिलेले खरे मानले जाईल, याची हमी कोणताही कायदा देत नाही.

ती देण्याचा एक मोठा प्रयत्न शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली किशोर भारती व रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने प्रयोगांवर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू केले. १९७८ साली ते सर्व जिल्ह्यात पसरले. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने ते पुढे नेले. मुले टोळ्या करून प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतः लिहीत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती व प्रत्यक्ष प्रयोगही करावे लागत. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेली गोष्ट अव्यवहार्य होती, असे निदान कोणी म्हणू नये.

मग परीक्षेचे काय, हा प्रश्न कार्यकर्ते विचारतील, व तो रास्त आहे. मुलीचे गुण गमावून तत्त्व राखणे हा कार्यकर्त्याचा अधिकार नव्हे. ते गुण तिचे आहेत. पण खोटे लिहावयास शिकविण्याचेही कारण नाही. 'मध्यान्ही सावली दिवसातील सर्वांत लहान असते' हे वाक्य वर्षातील प्रत्येक दिवशी खरे ठरते, आणि कोणताही समंजस शिक्षक त्यावर फुली मारणार नाही. मारलीच, तर मुलीला बरोबर घेऊन शिक्षकांना भेटावे. तेथे घोषणांची आवश्यकता नसते, काठी पुरते. शिक्षकही बहुधा त्याच गाइडाचे आणि त्याच तपासणीचे बळी असतात.

सावली नाहीशी होण्याचा दिवस कोल्हापुरात ७ मेच्या सुमारास येतो, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १६ मेच्या आसपास, नाशकात २० मेला आणि नागपुरात २६ मेच्या आगेमागे. म्हणजे नेमका शाळांच्या सुटीत! दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, तेव्हा बहुधा आकाश झाकोळलेले असते. त्यामुळे शाळा मुलांना तो दाखवू शकत नाही; अभ्यासिका दाखवू शकते. एक सरळ काठी, सपाट अंगण आणि खडू एवढेच सामान लागते. काठी लंबरूप उभी राहावी म्हणून वस्तीतील एखाद्या गवंड्याला त्याच्या ओळंब्यासह बोलवावे. ते काम त्याच्याइतके नेटके कोणाला जमणार नाही. मुंबई-पुण्याकडे साडेबाराच्या थोडे आधीपासून, नागपुराकडे बाराच्या ठोक्यापासून, दर पाच मिनिटांनी मुलांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. वेळ किती वाजून किती मिनिटांनी आली, ते त्यांनीच वहीत लिहावे.