अवघड जागेचें दुखणें

‘अवघड जागीं दुखणें आणि जांवई वैद्य’ अशी एक म्हण मराठींत आहे. तिच्यांतील विनोद बाजूस ठेवला, तरी तिनें दाखविलेली अडचण खरी आहे. डोकें दुखलें तर मनुष्य घरभर सांगत सुटतो. पण शौचाच्या वेळीं रक्त पडूं लागलें, तर वर्ष वर्ष तोंडांतून अक्षर काढीत नाहीं. मूळव्याध, भगंदर यांसारख्या गुदद्वाराच्या विकारांत रोगापेक्षां हें मौनच पुष्कळदां अधिक घातक ठरतें.

हें मौन शहरांत आहे, तसेंच अरण्यांतही आहे. गडचिरोलीहून मुरूमगांवमार्गें छत्तीसगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा हें तालुक्याचें गांव लागतें. भोवतालीं दाट रान, आणि वस्ती बरीचशी गोंड समाजाची. ऐन उन्हाळ्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम आला, म्हणजे माणसें पहाटेपासून रानांत असतात. अंगांतील पाणी घामावाटे जातें, प्यावयास पुरेसें मिळत नाहीं, आणि मळ खडा होतो. मग कुंथल्यावांचून शौचास होत नाहीं, आणि या विकारांना आयतीच वाट मिळते. शहरांत रानांतलें ऊन नसतें. पण मैद्याचे पदार्थ, बैठा धंदा आणि शौचकूपांत वर्तमानपत्र किंवा मोबाइल घेऊन अर्धा अर्धा तास बसणें, यांनीं तेंच कार्य साधतें.

लोक सरसकट ‘मूळव्याध’ म्हणतात. वस्तुतः या नांवाखालीं निदान तीन निराळे विकार मोडतात. पहिला खरा मूळव्याध, म्हणजे अर्श. गुदद्वाराच्या आंत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाच्याच शरीरांत असतात. कुंथण्यानें किंवा गरोदरपणांतील दाबानें त्या फुगून खालीं सरकतात. त्यांनाच ‘मोड’ म्हणतात. आंतल्या मोडांतून लालभडक रक्त पडतें, पण बहुधा दुखत नाहीं. दुसरा विकार गुदद्वाराच्या कडेस पडणाऱ्या चिरेचा. कठीण मळ बाहेर पडतांना आंतलें नाजूक अस्तर फाटतें. सुरीनें कापल्यासारखी कळ येते आणि नंतरही बराच वेळ आग होत राहते. या भीतीनें रोगी शौचास जाणेंच टाळतो. त्यामुळें मळ अधिक कठीण होतो आणि चीर पुन्हां उकलते. तिसरा विकार भगंदर. गुदद्वाराजवळील ग्रंथींत पू होऊन गळूं उठतें. तें फुटलें, तरी पुष्कळदां आंतून बाहेरपर्यंत नळीसारखा मार्ग शिल्लक राहतो आणि त्यांतून पू झिरपत राहतो.

पहिल्या दोन विकारांवरील उपचारांचा मोठा भाग स्वयंपाकघरांतच आहे. ज्वारीची भाकरी, कोंडा न काढलेल्या कणकेची पोळी, सालीसकट कडधान्यें, पालेभाजी, पेरूसारखीं फळें आणि भरपूर पाणी यांनीं मळ मऊ राहतो. धानोऱ्याकडे जेवण भाताचें. तेथें त्याला डाळीची व पालेभाजीची जोड हवी. एवढ्यानें भागलें नाहीं, तर भरपूर पाण्यासह इसबगोल घ्यावें. वेग आला असतां तो अडवूं नये, वेग नसतां कुंथूं नये. कोमट पाण्याच्या टपांत दहा-पंधरा मिनिटें बसल्यानें स्नायू सैल पडतात. लहान मोड व ताज्या चिरा यांपैकीं पुष्कळ एवढ्यानेंच सुधारतात. न सुधारल्यास चिरेसाठीं स्नायू सैल करणारें मलम आणि मोडासाठीं त्याच्या मुळाशीं बसवावयाचें रबराचें बारीक कडें, असे सौम्य उपाय डॉक्टरांपाशीं आहेत. शस्त्रक्रियेची पाळी त्यानंतरची.

भगंदराची गोष्ट मात्र वेगळी. त्याची नळी आहारानें किंवा गोळ्यांनीं सहसा बुजत नाहीं. सुश्रुतानें अर्श व भगंदर या दोहोंची गणना आठ महारोगांत केली आहे, आणि नाडीव्रणासाठीं क्षार लावलेलें सूत्र वापरण्यास सांगितलें आहे. या क्षारसूत्राची आधुनिक परीक्षा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें केली व तिचे निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनें जखम सुमारें चार आठवड्यांत भरली, तर सूत्रानें आठ लागले. परंतु भगंदर पुन्हां उद्भवण्याचें प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेंकडा ११, तर सूत्रानंतर शेंकडा ४ इतकेंच आढळलें. अर्थात् हें काम शिकलेल्या वैद्याचें आहे. बाजारांत ‘खात्रीचा इलाज’ अशी पाटी लावून दाहक औषध टोंचणाऱ्याचें नव्हे.

रक्त पडणाऱ्या प्रत्येकानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तें रक्त मूळव्याधीचेंच असेल असें नाहीं. मोठ्या आंतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोगही आरंभीं एवढीच खूण दाखवितो. वय चाळिशीच्या पुढें असेल, शौचाची संवय बदलली असेल, वजन घटत असेल, आंव पडत असेल, किंवा घराण्यांत कोणास हा रोग झाला असेल, तर विलंब करूं नये. डॉक्टरानें बोटानें तपासण्यास कांहीं क्षण लागतात. लाजेपायीं टाळलेल्या त्या क्षणांची किंमत कधीं कधीं प्राणांनीं मोजावी लागते. गडचिरोलीकडे सिकलसेल हा रक्तविकार आढळतो. तेथें फिकटपणाचा सारा दोष त्याच्यावरच ढकलला, तर मोडांतून हळूहळू वाहून जाणारें रक्त कोणाच्या लक्ष्यांतही येणार नाहीं.

लाज मोडतां येते, याचें उदाहरण त्याच भागांत आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांच्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ सालीं ती प्रसिद्ध झाली. शेंकडा ९२ स्त्रियांना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता, पण पूर्वीं तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या शेंकडा ८. रोग निराळा, पण पडदा तोच. पुढें त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनें धानोरा तालुक्यांत चातगांवजवळ, शोधग्रामांत, आदिवासींना विचारून दवाखाना उभारला. मोठ्या इमारतींची त्यांना भीति वाटे, म्हणून झोंपड्या बांधल्या. नातलगांना रोग्यापाशीं राहूं दिलें. नांव दिलें तें त्यांच्या देवीचें, माँ दंतेश्वरीचें. विश्वास बसला, तेव्हां लोक आले.

शहरांतील घरांतही हेंच व्हावयास हवें. घरांतील वडील माणूस टपांत फार वेळ बसूं लागला, बसतांना कळवळूं लागला किंवा कारणावांचून फिकट दिसूं लागला, तर कोणीतरी प्रेमानें व आडपडदा न ठेवतां विचारावें. आजी सुनेला सांगणार नाहीं, कदाचित् नातीला सांगेल. तिनें विचारलें, म्हणजे डॉक्टराच्या दाराकडे जाणारा अर्धा रस्ता तेथेंच संपतो.