पंचरंगी धम्मध्वज आणि रंगांचे मिश्रण
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



रंगांवर बोलण्याचे निमित्त आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. बुद्धपौर्णिमेसाठी आम्ही मुलांकडून कागदी धम्मध्वज करून घेत होतो. एका मुलीने निळा, पिवळा, लाल असे पट्टे रंगवले, पांढरा कोरा ठेवला आणि पाचवाही कोराच ठेवला. तिच्या स्वस्तातल्या पेटीत केशरी वडी नव्हती. शेजारच्या मुलाने सहाव्या पट्ट्यासाठी सगळे रंग एकत्र कालवले, तर झाला चिखल! आम्ही दोघांनाही रागावलो. घरी गेल्यावर उमगले की चूक मुलांची नव्हती. रंग कसे कालवायचे हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. ते आज सांगतो.

हा ध्वज १८८५ साली कोलंबो येथील समितीने तयार केला आणि त्याच वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला प्रथम फडकला. पुढे कर्नल ऑल्कॉट यांच्या सूचनेवरून त्याचा आकार नेहमीच्या ध्वजासारखा करण्यात आला. त्यातील रंगांची पाली नावे नील, पीत, लोहित, ओदात आणि मंजेट्ठ अशी आहेत. सहावा पभस्सर, म्हणजे तेजस्वी.

आता यातील पहिले तीन पाहा. निळा, पिवळा आणि लाल यांना चित्रकलेत मूळ रंग म्हणतात, कारण पेटीतले दुसरे रंग कालवून ते तयार होत नाहीत. त्यांच्यापासून मात्र इतर रंग होतात. लाल व पिवळा मिळून केशरी, पिवळा व निळा मिळून हिरवा, निळा व लाल मिळून जांभळा. म्हणजे त्या मुलीचा पाचवा पट्टा तिच्याच पेटीत होता!

केशरी करताना आधी पिवळा घ्यावा आणि त्यात लाल थेंबाथेंबाने घालावा. गडद रंग फिक्याला चटकन गिळतो. उलट केले तर पिवळी वडी संपते, पण केशरी येत नाही. पट्ट्याला पुरेल एवढा रंग एकदाच करावा, पुन्हा तीच छटा साधणे अवघड. आधी रद्दी कागदावर लावून, वाळू देऊन पाहावे. निळ्यातही फरक असतो. प्रशियन ब्लूमध्ये लेमन यलो घातला की हिरवा टवटवीत येतो, अल्ट्रामरीनमध्ये घातला तर मळकट. कारण अल्ट्रामरीनमध्ये लालसर झाक असते. जांभळ्यासाठी मात्र अल्ट्रामरीन व क्रिमझन लेक घ्यावेत.

मग त्या मुलाचा चिखल का झाला? रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषते आणि उरलेला परत पाठवते. जितकी द्रव्ये कालवाल तितका प्रकाश अधिक शोषला जातो आणि रंग काळवंडतो. प्रकाशाचे उलट आहे. न्यूटनने काचेच्या लोलकातून दाखवले की पांढऱ्या प्रकाशातच सगळे रंग असतात. ते एकत्र आले की पुन्हा पांढरा प्रकाश होतो. पुठ्ठ्याच्या चकतीवर इंद्रधनुष्याचे सात रंग लावून ती दोऱ्याने गरगर फिरवा, चकती पांढुरकी दिसेल. ध्वजाच्या सहाव्या पट्ट्यात म्हणूनच रंग कालवायचे नसतात. पाचही रंग आडवे, एकाखाली एक मांडायचे असतात. प्रत्येक रंग आपल्या जागी स्वच्छ राहतो आणि पाचांचे मिळून तेज दिसते.

रंग कमी म्हणून कला अडत नाही. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली भगिनी लग्नाचा चौक लिहितात तो कुडाच्या भिंतीवर, गेरूवर, केवळ तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने आणि बांबूच्या काडीने. गेरूच्या अंगावर पांढरी रेषा उठून दिसते, कारण गडदाशेजारी फिका अधिक उजळतो. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती याच कलेसाठी. अजिंठ्याच्या चित्रकारांकडे तरी काय होते? लाल, पिवळी, हिरवी माती, काजळी आणि पांढरा रंग. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड तेवढा दूर अफगाणिस्तानच्या बाजूने येई.

पालकांना आमची विनंती आहे की, मोठी पेटी परवडत नाही म्हणून मुलाची चित्रकला थांबवू नका. तीन मूळ रंग, एक पांढरा, एक काळा आणि एक बरा ब्रश एवढ्यावर एलिमेंटरी परीक्षेची तयारी सुरू करता येते. कार्यकर्त्यांनाही विनंती की, येत्या बुद्धपौर्णिमेचे ध्वज आयते आणू नका. ते मुलांना करू द्या. विद्यार्थी मित्रहो, पाचवा पट्टा कोरा ठेवू नका आणि सहावा कालवू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!