न दिसणारा दाब

श्रोतेहो, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव आपण ऐकलेच असेल. अवर्षणाच्या पट्ट्यातले गाव. तिथे दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवतात. जमिनीच्या पोटातले पाणी दिसत नाही, म्हणून ते मोजायचे. रक्तदाबाचेही तसेच आहे.

हृदय म्हणजे पंप आणि रोहिण्या म्हणजे त्याच्या नळ्या, असे समजा. रक्ताचा नळ्यांच्या भिंतींवर जो रेटा पडतो, तो रक्तदाब. नळ्यांतले रक्त वाढले किंवा नळ्या अरुंद झाल्या, की तो चढतो. नळीचा व्यास निम्मा झाला, तर अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो!

मग मिठाचा दोष कोणता? जादा मीठ बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे काम. ते त्यांना झेपेनासे झाले, की मिठाबरोबर पाणीही अंगात राहते आणि रक्ताचे आकारमान वाढते. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचले, तर ती ‘रेनिन’ नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे पुढे रोहिण्या आवळतात आणि शरीर आणखी मीठ राखते. आनुवंशिकता, वय, वजन आणि दारू यांचीही भर पडते. बहुतेकांच्या बाबतीत एकच एक कारण सापडत नाही. सततच्या दाबाने रोहिण्या ताठर होतात आणि ताठर रोहिण्या दाब आणखी चढवतात.

“पण मला तर काहीच होत नाही!” असे आपण म्हणाल. हीच तर यातली गोम. बहुधा काहीच जाणवत नाही आणि एके दिवशी अर्धांगाचा झटका येतो. म्हणून दाब मोजून घ्या. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर डॉक्टरांना गाठा. बरे वाटते म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नका. गोळीमुळेच तो आटोक्यात असतो.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा, कमी असावे. लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे.

हिवरे बाजारने श्रमदान आणि कुऱ्हाडबंदी यांच्या जोडीला नशाबंदीही पाळली. तोही धडा घेण्याजोगा आहे. आणि गुरुजनहो, पालकांच्या सभेला आरोग्यसेविकेला यंत्र घेऊन बोलवाल ना? पहिला दंड आपण स्वतः पुढे करा.