समुद्रावरची पहिली चार वर्षे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न असतो, पुढे काय? इंजिनीअरिंग, डिप्लोमा, डीएड, पोलीस भरती अशी यादी होते. त्या यादीत कधीकधी नौदलाचे नाव येते आणि घरात लगेच दोन तट पडतात. वडील म्हणतात, सरकारी नोकरी आहे, पोरगा मार्गी लागेल. आई म्हणते, एवढ्या लांब, पाण्यावर, नको. ज्याला जायचे असते तो मात्र गप्प असतो, कारण तिथे नेमके काय असते हे त्यालाही ठाऊक नसते. मी नौदलात अगदी तळच्या हुद्द्यापासून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर गावोगावची मुले आणि त्यांचे पालक हेच प्रश्न घेऊन भेटतात. म्हणून आज अधिकाऱ्यांविषयी न बोलता साध्या नौसैनिकाविषयी, म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी भरती होणाऱ्या मुलामुलींविषयी बोलणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या पिढीतला मुलगा भरती झाला की पंधरा वर्षांची नोकरी आणि त्यानंतर पेन्शन हे ठरलेले असे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हे चित्र बदलले. आता भरती होणाऱ्याला अग्निवीर म्हणतात. मुदत चार वर्षांची. वय साडेसतरा ते एकवीस. लग्न झालेले नसावे आणि त्या चार वर्षांत करूही नये. चार वर्षांनी प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम सेवेत घेतले जाते, बाकीचे घरी परततात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. ही योजना चांगली की वाईट यावर पुष्कळ वाद झाले आहेत. पण अर्ज भरणाऱ्या मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी या अटी डोळे उघडे ठेवून वाचल्या पाहिजेत. 'एकदा चिकटला की जन्माची ददात मिटली' हे जुने गणित आता लागू नाही.

पैशाचेही सांगतो. पहिल्या वर्षी महिना तीस हजार रुपये, आणि ते वाढत जाऊन चौथ्या वर्षी चाळीस हजार. यातले सत्तर टक्के हातात पडतात. म्हणजे पहिल्या वर्षी हातात एकवीस हजार. उरलेले तीस टक्के एका निधीत जमा होतात आणि तेवढीच भर सरकार घालते. चार वर्षांत मुलाचे पाच लाख दोन हजार आणि सरकारचे तेवढेच, असे दहा लाखांच्या वर, अधिक व्याज, एकरकमी मिळतात. त्यावर आयकर नाही. चोवीस-पंचविशीच्या मुलाच्या हाती ही रक्कम थोडी नव्हे. पण बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब आणि एक मोटारसायकल यांत ती सहा महिन्यांत संपू शकते. घरच्यांनी हा पैसा मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा, त्याच्या दुसऱ्या सुरुवातीचा आहे असे समजावे.

आता भरतीकडे वळू. दोन दरवाजे आहेत. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्यांसाठी एसएसआर, आणि दहावी झालेल्यांसाठी एमआर. एमआरमधून स्वयंपाकी, स्टुअर्ड, स्वच्छता अशा कामांसाठी माणसे घेतात. संगणकावर परीक्षा होते, मग शारीरिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. परीक्षेचा कागद हिंदी आणि इंग्रजीत असतो, मराठीत नसतो. मराठी माध्यमाच्या मुलांना गणित येत असते, पण प्रश्नच समजायला वेळ लागतो. गणित-विज्ञानातले इंग्रजी शब्द आधीच पाठ करून ठेवले तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते. धावण्याचा निकष मुलांसाठी १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत आणि मुलींसाठी आठ मिनिटांत असा आहे. निकष बदलत असतात, म्हणून प्रत्येक वेळी नवी जाहिरात स्वतः वाचावी.

वैद्यकीय तपासणीविषयी एक कळकळीची विनंती आहे. मुले दोन-दोन वर्षे पहाटे उठून धावतात, क्लास लावतात, परीक्षा पास होतात आणि शेवटच्या टप्प्यावर कळते की त्यांना लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. हा दोष जन्मजात असतो आणि त्यावर औषध नाही. नौदल याबाबत इतके कडक का? रात्री समुद्रात समोरचे जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. त्या दोन दिव्यांवरून ते कुठे तोंड करून चालले आहे हे ओळखायचे असते. तिथे चूक झाली तर शेकडो माणसांचा जीव जाऊ शकतो. म्हणून तयारी सुरू करण्याआधीच तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंगांची तपासणी करून घ्यावी. कान, दात, गुडघे, तळपाय हेही दाखवून घ्यावेत. पाच मिनिटांची ती तपासणी पोराची दोन वर्षे वाचवते.

दुसरी विनंती दलालांबद्दल. 'वर ओळख आहे, इतके लाख द्या, काम होऊन जाईल' असे सांगणारा माणूस जवळपास प्रत्येक तालुक्यात भेटतो. त्याची युक्ती सोपी असते. तो दहा मुलांकडून पैसे घेतो. त्यातली दोन-तीन स्वतःच्या गुणांवर लागतात, त्यांचे पैसे तो ठेवतो आणि बाकीच्यांना झुलवत राहतो. यासाठी जमिनी गहाण पडलेल्या आहेत. परीक्षेच्या जाहीर शुल्काखेरीज नौदलाच्या भरतीला एक पैसाही लागत नाही.

निवड झाली की बोलावणे येते ते ओडिशात, आयएनएस चिल्का या प्रशिक्षण केंद्रात. चिलिका सरोवराच्या काठी वसलेले हे केंद्र १९८० सालापासून नौसैनिक घडवते आहे. आपल्याकडची मुले बहुधा मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे जाणाऱ्या कोणार्क एक्स्प्रेसने तिकडे जातात. दीड दिवसाचा तो प्रवास अनेकांचा आयुष्यातला सर्वांत लांबचा असतो. डब्यात हरियाणा, बिहार, केरळ इथली मुले नसतात, ती तिथे पोचल्यावर भेटतात. आणि गंमत म्हणजे त्यांतल्या कितीतरी जणांनी समुद्र पाहिलेलाच नसतो. आपला कोकणचा मुलगा नाळ, सुकाणू, डोलकाठी, तांडेल हे शब्द ऐकत वाढलेला असतो. बीडचा किंवा बुलढाण्याचा मुलगा विहिरीत पोहलेला असतो, एवढेच. पण दोघांचेही केस पहिल्याच दिवशी सारखेच कापले जातात आणि तिथून दोघांचीही पाटी कोरी असते.

पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण. पहाटे उठणे, पीटी, कवायत, वर्ग, पुन्हा मैदान, संध्याकाळी हजेरी. कपडे स्वतः धुवायचे, इस्त्री करायची, बूट चमकवायचे, बिछान्याची घडी ठरल्याप्रमाणेच घालायची. घरी पाण्याचा पेला उचलून न ठेवलेल्या मुलाला हे जड जाते. भाकरीची आठवण येते. रात्री उशीत तोंड खुपसून रडणारे असतात, आणि ते कमकुवत असतात असे मुळीच नाही. मी पालकांना सांगतो, पहिल्या फोनवर पोरगा 'मला न्यायला या' म्हणाला तर घाबरू नका. त्याचे ऐकून घ्या, आणि महिन्याने पुन्हा विचारा. बहुतेकांचे उत्तर बदललेले असते.

चार महिन्यांच्या या काळात पोहणे, दोरखंडाच्या गाठी, वल्ह्यांची होडी चालवणे, रायफल, प्रथमोपचार आणि आग विझवणे शिकवले जाते. आगीचे शिक्षण सगळ्यांना सक्तीचे, मग तो स्वयंपाकी असो की तोफेवरचा. भर समुद्रात अग्निशामक दलाचा बंब येत नाही, जहाजावरचा प्रत्येक माणूसच बंबवाला असतो. सलामही नौदलाचा वेगळा. भूदलात तळहात समोर दिसतो, नौदलात तो खाली वळवलेला असतो. शिडाच्या जहाजांवर डांबर आणि दोर हाताळून खलाशांचे तळवे काळे होत, ते दिसू नयेत म्हणून ही रीत पडली, असे सांगतात.

मार्च २०२३ मध्ये अग्निवीरांची पहिली तुकडी चिल्कातून बाहेर पडली. त्यांचे दीक्षान्त संचलन सूर्यास्तानंतर झाले, तसे पूर्वी कधी झाले नव्हते. अडीच हजारांहून अधिक जणांच्या त्या तुकडीत पावणेतीनशेच्या आसपास मुली होत्या. नौसैनिक म्हणून मुलींची भरती या तुकडीपासूनच सुरू झाली. त्यामुळे आज मी 'पोरगा, पोरगा' म्हणत असलो तरी हे सारे पोरींसाठीही आहे.

चिल्कानंतर शाखेप्रमाणे वाटा फुटतात. तोफखान्याचे शिक्षण कोचीला, विजेचे जामनगरला, पाणबुडीचे विशाखापट्टणमला. मुंबईत मालाडजवळ आयएनएस हमला आहे, तिथे भांडार आणि स्वयंपाक विभागाची माणसे तयार होतात. इंजिन विभागाची शाळा आपल्या लोणावळ्याला, आयएनएस शिवाजी. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर बसून जहाजाचे इंजिन शिकायचे, याचे नव्या मुलांना फार नवल वाटते.

मग येते पहिले जहाज. आयएनएस विक्रांतसारख्या विमानवाहू जहाजावर दोन हजारांहून अधिक कप्पे आहेत आणि सुमारे सोळाशे माणसे राहू शकतात. म्हणजे एक मध्यम गावच. नवा मुलगा तिथे आठवडाभर वाट चुकत राहतो. लहान जहाजावर वाट चुकत नाही, पण ते अधिक डोलते. समुद्र लागणे, म्हणजे मळमळ आणि ओकाऱ्या, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. इंग्रजांचा प्रसिद्ध ॲडमिरल नेल्सन यालाही समुद्र लागत असे. उलटी झाली तरी पाळी चुकवायची नाही, एवढा एकच नियम. दोन-चार फेऱ्यांत बहुतेकांचे शरीर सरावते.

पाळी म्हणजे वॉच. जहाज कधी झोपत नाही, म्हणून चोवीस तासांच्या चार-चार तासांच्या पाळ्या केलेल्या असतात. तशा त्या सहा व्हायला हव्यात, पण असतात सात. संध्याकाळचे चार ते आठ हे चार तास दोन-दोन तासांत तोडलेले आहेत, त्यांना डॉग वॉच म्हणतात. कारण साधे आहे. पाळ्या सम संख्येच्या असत्या तर एकाच माणसाच्या वाट्याला रोज मध्यरात्र ते पहाटे चारची पाळी आली असती. सात असल्यामुळे ती फिरत राहते. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली ही वाटणी आजही चालते, कारण ती न्यायाची आहे.

न्यायाचा विषय निघाला म्हणून सांगतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदल केंद्रातल्या नौसैनिकांनी काम बंद केले. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची वागणूक ही ठिणगी होती. पाहता पाहता ते बंड कराची, मद्रासपर्यंत पसरले आणि हजारो नौसैनिक त्यात उतरले. त्यांच्यातले कितीतरी जण वीस वर्षांच्या आतबाहेरचे होते. त्यांचे स्मारक कुलाब्यात आहे, मुंबईला गेलात तर जरूर पाहा. ताटातले अन्न आणि तोंडातला शब्द यांवर जहाजाची शिस्त उभी असते, हा धडा त्या पोरांनी दिला. आज प्रत्येक नौसैनिकावर एक डिव्हिजनल ऑफिसर नेमलेला असतो. घरचा प्रश्न, रजा, आजारपण, अन्याय, काहीही असो, त्याच्याकडे जाण्याचा हक्क असतो. आपली मराठी मुले इथे मागे राहतात. हिंदी तोडकीमोडकी म्हणून संकोचतात आणि मनातल्या मनात कुढतात. बोलायला शिका. व्याकरण चुकले तर कुणी शिक्षा करीत नाही.

धोका नाही असे मी म्हणणार नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, ते नाव आपल्याला माहीत असते. त्यांच्यासह अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक गेले. त्या एकशे शहात्तर जणांची नावे आपल्याला माहीत नसतात. भरतीच्या अर्जावर सही करताना याची जाणीव मुलालाही हवी आणि आईवडिलांनाही.

मग जावे की न जावे? माझे मत असे. घरी धाक दाखवला म्हणून जाऊ नये, गणवेशाचा फोटो काढायला जाऊ नये, आणि दुसरे काही जमत नाही म्हणूनही जाऊ नये. ज्याला अंग मोडून काम करायला आवडते, यंत्राचे किंवा पाण्याचे कुतूहल आहे, त्याने जरूर जावे. आणि जाताना 'मी पंचवीस टक्क्यांत असणार' असे स्वप्न पाहावे, पण तयारी मात्र पंच्याहत्तर टक्क्यांची करावी. नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून शिक्षण पुढे न्यावे. हाती आलेल्या कामाचे प्रमाणपत्र, नोंद, अनुभव जपून ठेवावा. निमलष्करी दले, तटरक्षक दल आणि संरक्षण खात्यातल्या मुलकी जागांत अग्निवीरांसाठी २०२२ मध्ये दहा टक्के आरक्षण जाहीर झाले होते. व्यापारी जहाजांवर जाण्याच्या वाटाही आखल्या गेल्या आहेत. त्या वाटांची माहिती चौथ्या वर्षी काढून उपयोगाचे नाही, दुसऱ्याच वर्षी काढावी.

जे कायम होतात त्यांच्यापुढे लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर अशी शिडी आहे, आणि परीक्षा देऊन अधिकारी होण्याचा मार्गही आहे. जे परत येतात त्यांना गावाने 'काढून टाकलेला' म्हणू नये. तो मुदत पुरी करून आलेला असतो. चार वर्षे पहाटे उठलेला, मध्यरात्री जागा राहिलेला, आगीत शिरायला शिकलेला चोवीस वर्षांचा मुलगा ज्या गावात परत येतो, त्या गावाने त्याला काम कसे देता येईल याचा विचार करावा. पतसंस्था, कारखाना, बंदर, शाळा, सगळीकडे अशा माणसाची गरज असते.