कोंडलेला वारा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची आहे असे नाही. पण आज आम्ही हवेच्या बंदुकीवर आणि ती भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रोजनच्या टाकीवर बोलणार आहोत. नेमबाजी शिकणाऱ्या काही मुलांच्या पालकांनी आम्हांला विचारले की, मुलांच्या बंदुका भरण्यासाठी वेल्डिंगवाल्यांकडची नायट्रोजनची टाकी आणली तर चालेल काय? प्रश्न आमच्याकडे येण्याचे कारण उघड आहे. वेल्डर, त्यांचे मदतनीस आणि गॅसच्या टाक्या भरणारे व वाहणारे लोक आमच्या संघटनेत आहेत. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे रात्रीच्या दिव्याखाली आणि या माणसांच्या संगतीत झाले. तेव्हा पुस्तकातले आणि अनुभवातले, दोन्ही मिळून सांगतो.

जत्रेत फुगे फोडण्याची बंदूक आपण सर्वांनी हाती धरली आहे. तिची नळी वाकवून आतली स्प्रिंग ताणायची, आणि ती स्प्रिंग सुटली की हवेचा धक्का बसून छर्रा बाहेर पडतो. स्पर्धेतील बंदूक निराळी. तिच्या नळीखाली हातभर लांबीचीही नसलेली एक छोटी टाकी असते आणि तीत २०० बार दाबाने हवा भरलेली असते. एकदा भरली की दोनशेच्या वर छर्रे एकसारख्या वेगाने सुटतात. नेम १० मीटरवरचा. मधला दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. बंदुकीला स्प्रिंगचा हिसका नसला तरच तो साधावयाचा. अंजली भागवत यांनी २००३ मध्ये मिलानला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत सुवर्ण मिळविले, अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणले, ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेते झाले, ते सारे याच प्रकारात. २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळविणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांची बंदूक मात्र दारूच्या काडतुसाची होती. तो प्रकार ५० मीटरचा. तथापि त्या पदकानंतर गावोगाव मुलांना बंदुकीची ओढ लागली, आणि शिकण्याची सुरुवात बहुधा हवेच्या बंदुकीपासूनच होते.

आता २०० बार म्हणजे काय, ते पाहू. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार दाब असतो. त्याच्या जवळजवळ शंभरपट. एक बार म्हणजे ढोबळ मानाने एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो. तेव्हा २०० बार म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर धान्याची दोन क्विंटली पोती उभी केली, असे समजा. हा भार त्या टाकीच्या आतून प्रत्येक नखाएवढ्या जागेवर, रात्रंदिवस, न थकता रेटत असतो. कोंडलेला वारा दिसत नाही म्हणून तो नाही, असे कोणी समजू नये.

ही कल्पना आजची नाही. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने बार्तोलोमेओ जिरार्दोनी या कारागिराने बनविलेली हवेची बंदूक घेतली. दस्त्याच्या जागी लोखंडी पत्र्याची हवाबंद टाकी, बाजूला वीसएक गोळ्यांची नळी. धूर नाही, आवाज कमी. लुईस आणि क्लार्क १८०४ ते १८०६ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेले, त्यांच्याबरोबरही अशी एक बंदूक होती आणि वाटेतल्या मूळ रहिवाशांच्या टोळ्यांना ती चालवून दाखविली जात असे. परंतु त्या टाकीत दाब चढविण्यासाठी हातपंपाचे सुमारे १५०० हिसके मारावे लागत. तीसएक गोळ्या नीट सुटत, की पुन्हा पंप. शिवाय टाक्यांचे सांधे गळत. अखेर सैन्याने ती बंदूक सोडून दिली. इतिहासकार बंदुकीचे वर्णन करतात. आमचे लक्ष त्या १५०० हिशक्यांकडे जाते. दाब म्हणजे कोणाचे तरी साठविलेले श्रम. ते हाताने करा किंवा यंत्राकडून करवून घ्या, कोणीतरी ते केलेले असतात.

आज बंदूक भरण्याचे चार मार्ग आहेत: हातपंप, विजेवरचा कॉम्प्रेसर, पाणबुड्यांची हवेची टाकी, आणि नायट्रोजनची टाकी. हातपंपात मेहनत आहे आणि पाणीही आहे. पावसाळ्यातली दमट हवा घ्या. २०० मिलिलिटरची टाकी २०० बारपर्यंत भरावयाची, तर ४० लिटर हवा दाबून आत घालावी लागते, आणि तेवढ्या हवेत सुमारे एक ग्रॅम पाणी असते. पंपाची चाळणी बरेच अडविते. जे निसटते ते आत गंज धरविते आणि झडपेचे रबर खराब करते. कॉम्प्रेसर चांगला, पण महाग, आणि त्याचे तेल व गाळण्या सांभाळाव्या लागतात. पाणबुड्यांची टाकी उत्तम; पण ती भरून मिळावयाची तर मालवण-तारकर्ली किंवा गोवा गाठावे लागते. आतल्या गावांनी काय करावे? अमेरिकेतही ज्यांच्याजवळ पाणबुड्यांचे दुकान नाही, असे हौशी नेमबाज वेल्डिंगचे सामान विकणाऱ्याकडून नायट्रोजनच आणतात.

आणि बंदुकीच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. वजनात फरक नगण्य, त्यामुळे छर्ऱ्याच्या वेगात फरक पडत नाही. कारखान्यातून येणारा नायट्रोजन कोरडा असतो, त्यात तेलाचा अंश नसतो, तो पेटत नाही आणि कशाला पेटू देत नाही. बंदुकीला याहून निर्धोक वायू सापडणे कठीण.

पण हिशेब नीट करा. आपल्याकडे मिळणारी मोठी टाकी साधारण ४७ लिटरची आणि दीडशे बारच्या आसपास भरलेली असते. वायू पाण्यासारखा उतारावरूनच वाहतो. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की थांबतो. म्हणजे दीडशेच्या टाकीने २०० बार कधीच मिळणार नाहीत. बंदुकीचा काटा ७० वर आला की भरावयाची, असे धरले, तर एका भरणीत मोठ्या टाकीचा काटा अर्ध्या बारनेही उतरत नाही, हे खरे. पण शंभरएक भरण्या झाल्यावर तो १२०च्या आसपास येतो, आणि पुढच्या प्रत्येक भरणीत छर्रे कमी मिळतात. टाकीत तीन चतुर्थांशांहून अधिक वायू शिल्लक असताना ती परत करावी लागते. म्हणून जाणते लोक दोन-तीन टाक्या ठेवतात; आधी कमी दाबाची जोडतात, मग तिच्याहून भरलेली. भरताना झडप सावकाश उघडावी. घाईने भरले तर वायू तापतो, काटा पुरा दिसतो, आणि निवल्यावर खाली येतो.

येथपर्यंत सारे सोपे. आता अवघड भाग.

नायट्रोजन चालतो, मग शेजारची ऑक्सिजनची टाकी का नको? वेल्डरचा पोऱ्याही सांगेल की ऑक्सिजनच्या झडपेला तेलाचा हात लावायचा नसतो. जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस आपोआप पेट घेते. बंदुकीत वंगण असते. तेथे ऑक्सिजन भरणे म्हणजे गालाशी स्फोट धरून बसणे. आपल्याकडे ऑक्सिजनची टाकी काळी आणि नायट्रोजनची राखाडी असते. परंतु रंगावर विसंबू नका. २०२१च्या महामारीत ऑक्सिजनचा तुटवडा पडला, तेव्हा नायट्रोजनच्या आणि आरगॉनच्या टाक्या ऑक्सिजनसाठी बदलून घेण्यास परवानगी द्यावी लागली. ते योग्यच झाले. पण टाकीचे आयुष्य रंगाच्या थरापेक्षा मोठे असते, हे त्यावरून ध्यानात ठेवा. चिठ्ठी वाचा, मानेवर ठोकलेली अक्षरे वाचा, आणि शंका असेल तर टाकी परत पाठवा.

उलट चूकही तितकीच घातक. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका वृद्धांच्या शुश्रूषागृहात ऑक्सिजनच्या टाक्यांबरोबर एक नायट्रोजनची टाकी आली. तिचे तोंड ऑक्सिजनच्या नळीला बसेना. ते बसू नये म्हणूनच निराळे केलेले असते! पण कोणीतरी रिकाम्या ऑक्सिजनच्या टाकीचे तोंड काढून तिला बसविले. चार वृद्ध दगावले. म्हणून आमचे नेमबाजांना कळकळीचे सांगणे आहे: पाणबुड्याच्या टाकीत नायट्रोजन कधीही भरू नका. आज ती तुमच्या बंदुकीसाठी असेल; उद्या ती दुसऱ्याच्या पाठीवर चढेल, आणि तो तोंडात नळी धरून पाण्यात उतरेल.

नायट्रोजन विषारी नाही, मग माणूस मरतो कसा? लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने या वायूला जे नाव दिले, त्याचा अर्थच प्राणहीन. जीव घुसमटतो ती जाणीव प्राणवायू कमी झाल्याची नसते; छातीत कार्बन डायऑक्साइड साचल्याची असते. नायट्रोजन भरलेल्या जागेत माणूस श्वास सोडतच असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातच असतो, म्हणून गुदमरल्यासारखे वाटत नाही. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. निव्वळ नायट्रोजनचे एकदोन श्वास, आणि माणूस शुद्ध हरपून खाली. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत एक मोठी टाकी पूर्ण गळली, तर प्राणवायू शेकडा २१ वरून १६च्या आसपास येतो. तेवढ्यानेही डोके काम करेनासे होते. बंदूक भरताना निसटणारा वायू क्षुल्लक आहे, त्याची भीती नको. भीती टाकी ठेवलेल्या बंद खोलीची धरा.

अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २००३ मध्ये हिशेब मांडला: १९९२ ते २००२ या काळात त्या देशात नायट्रोजनने गुदमरून ८० माणसे मेली. पुढे नोव्हेंबर २००५ मध्ये डेलावेअर राज्यातील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात, नायट्रोजनने भरलेल्या पात्राच्या तोंडाशी काम करणारा एक कामगार आत पडलेले चिकटपट्टीचे भेंडोळे काढावयास गेला आणि पडला. त्याला वाचवावयास दुसरा उतरला. दोघेही गेले. दोघेही कंत्राटी कामगार होते. चिकटपट्टीच्या भेंडोळ्याची किंमत ती काय!

आपल्याकडे काय वेगळे आहे? आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात टाक्या उतरविणाऱ्या हंगामी पोरांना कोणत्या टाकीत काय आहे, हे कधी सांगितले गेले नव्हते. आम्ही विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की, ज्याला वास नाही, जो पेटत नाही, त्याची माहिती देऊन पोरांना घाबरवायचे कशाला? या उत्तराशी आमचे भांडण आहे. १९४८च्या कारखाने कायद्याच्या ३६व्या कलमात लिहिले होते की, वायू असू शकेल अशा बंद पात्रात माणसाला उतरवावयाचे तर आधी जाणकाराचा लेखी दाखला हवा. नाहीतर त्याच्या तोंडाला श्वसनयंत्र हवे आणि कमरेला दोर हवा, आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवे. बाहेरच्या माणसाने काय करावयाचे? दोर ओढावयाचा, स्वतः आत उडी घ्यावयाची नाही. हे ज्ञान जुने आहे, स्वस्त आहे. ते ज्याच्या जिवाशी संबंधित आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढीच अडचण आहे.

तेव्हा नेमबाजीच्या मंडळांना आमचे पाच शब्द. एक: टाकी उघड्या, हवेशीर जागी ठेवा आणि साखळीने भिंतीला बांधा, झडप मोडून आडवी पडलेली टाकी तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. दोन: दाबाला पुरेल अशीच नळी आणि योग्य जोड वापरा; बसत नाही म्हणून गावठी जोड करू नका. तीन: मोठ्या टाकीच्या मानेवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती पाहा. या टाक्यांचे नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण नियमांत ५०० मिलिलिटरपेक्षा मोठीच टाकी टाकी म्हणून धरली जाते. बंदुकीखालची छोटी टाकी त्यातून सुटते. तिची तारीख तुम्हीच पाहावयाची. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दहा वर्षांवरची टाकी चालत नाही, आणि ती पाहण्याची जबाबदारी नेमबाजावर टाकलेली आहे. चार: ऑक्सिजन किंवा कोणताही जळणारा वायू बंदुकीजवळ आणू नका. पाच, आणि हे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे: हे चारही नियम टाकी आणून देणाऱ्या हमालालाही, त्याच्या भाषेत, सांगा.

नेमबाज मुलगा नशीबवान आहे. त्याला शिक्षक आहे, नियमांचे पुस्तक आहे, तारीख तपासणारा पंच आहे. जो पोऱ्या ती राखाडी टाकी खांद्याशी तिरपी धरून, बुडाच्या कडेवर घरंगळत दारापर्यंत आणतो, त्याला यांपैकी काही नाही. दोघेही एकाच वाऱ्याशी खेळतात. आपल्या गावच्या मुलाने पदक आणावे, आम्हीही टाळ्या वाजवू. परंतु त्याच गावच्या दुसऱ्या मुलाला टाकीत काय आहे हे न सांगता गोदामात पाठवू नये, एवढे मागणे आम्ही आपल्यापुढे ठेवतो.