माळ्यावरचं अंतराळयान
(गणेशोत्सवातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी राज्य शासनाच्या नोकरीत उपयंत्री आहे. शिक्षण डिप्लोमापर्यंत. दिवसभर नाल्या, पुलिया आणि त्यांची मोजमापं हेच माझं काम. अशा माणसाने खेळण्यावर बोलावं याचं तुम्हाला हसू येईल. पण गेल्या वर्षी एका खेळण्याने मला चांगलंच पेचात टाकलं, तीच हकीकत सांगतो.

आमच्या आत्याचं रामबागेतलं जुनं घर विकायचं ठरलं. माळा उतरवताना एक खोका निघाला. ओळखायला क्षणही लागला नाही. माझ्या आतेभावाचं लेगोचं अंतराळयान! त्याच्या काकांनी जर्मनीहून आणलेलं. मी सात-आठ वर्षांचा असताना ते काचेच्या कपाटात असायचं आणि मला फक्त बघायची परवानगी होती.

आतेभाऊ आता परदेशात असतो, त्याला ते नको होतं. जुन्या वस्तू घेणारा एक जण खोक्यासकट चार हजार द्यायला तयार होता. आत्या मला म्हणाली, “अरे, तू इंजिनियर ना? बघ बरं, भाव बरोबर आहे का?”

पेच इथेच होता. यान मलाच हवं होतं. माप घेणारा आणि ठेकेदार एकच असला, तर मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलं जातं हे आपण सगळे जाणतो. म्हणून मी ठरवलं, आधी कागदावर हिशेब मांडायचा, आतेभावाला पाठवायचा आणि मगच भाव बोलायचा.

पहिली गोष्ट, वस्तू नेमकी कोणती? हे १९७९ सालचं ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’. अमेरिकेत त्याचा क्रमांक ४९७, युरोपात ९२८. तुकडे ३३८, अंतराळवीर चार: दोन लाल, दोन पांढरे. करडे पंख, निळं अंग, पिवळी पारदर्शक काच. लेगोने अंतराळाची मालिका १९७८ मध्ये आणली, तिच्यातलं हे सर्वांत मानाचं यान.

दुसरी गोष्ट, सगळं आहे का? खजुरी बाजारात जुनं पुस्तक घेताना आपण मधली पानं तपासतो, तसंच हे. यादी इंटरनेटवर मिळते. एका रविवारी चादर पसरून मी आणि माझ्या मुलीने एकेक तुकडा मोजला. एकवीस कमी निघाले.

तिसरी गोष्ट, अस्सल आहे का? खऱ्या ठोकळ्याच्या प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव उमटलेलं असतं. पण अस्सल तुकडासुद्धा मागाहून घातलेला असू शकतो. कंपनीने करडा रंग २००४च्या सुमारास बदलला, त्यात निळसर झाक आली. जुन्या पंखात असा तुकडा दिसला, की समजावं, भरती झालेली आहे. आमच्या यानात तसे तीन निघाले. आतेभावाचा मुलगा कधीतरी सुट्टीत खेळून गेला असणार.

चौथी गोष्ट, प्रकृती. उन्हाने हे प्लास्टिक पिवळं पडतं. पारदर्शक काचेला तडे जातात. अंतराळवीराचं शिरस्त्राण हनुवटीपाशी तुटतं, छातीवरचं सोनेरी चिन्ह पुसलं जातं. २०१४च्या लेगो चित्रपटातला निळा बेनी मुलांना आठवत असेल, त्याचंही शिरस्त्राण तिथेच तुटलेलं आहे. आमच्या चारपैकी दोघांची तीच गत होती. पकड मात्र पक्की. १९५८च्या ठोकळ्यावर आजचा ठोकळा बसतो, यात नवल ते मापाच्या काटेकोरपणाचं.

आता भाव. प्लॉट घेताना दलालाचा आकडा वेगळा आणि रजिस्ट्रीतला वेगळा, तसंच इथे आहे. विकणारा मागतो तो भाव धरू नये, घेणाऱ्याने खरोखर मोजलेला धरावा. ब्रिकलिंक नावाच्या बाजारात गेल्या सहा महिन्यांतले झालेले सौदे पाहायला मिळतात. त्यातून कमी तुकडे, तडे, तुटकी शिरस्त्राणं यांची वजावट केली. खोका आणि पुस्तिका जागेवर होती, त्याची भर घातली. बाहेरून मागवावं तर टपालखर्च आणि जकात डोक्यावर; खेळण्यांवरची जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. सगळं धरून आकडा आला अकरा हजार.

घरी ही म्हणाली, “एवढ्यात नवीन नाही का येत?” प्रश्न रास्त होता. कंपनीला नव्वद वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, हेच यान मोठं करून काढलं, १२५४ तुकड्यांचं. त्याच तुकड्यांतून आणखी दोन लहान यानंही बनतात. मुलाला खेळायला द्यायचं असेल तर नवंच घ्यावं, जुन्याच्या वाटेला जाऊ नये. पुढे भाव वाढेल म्हणून घेणार असाल तर मुदत ठेव बरी. जुनं घ्यावं ते त्याच वस्तूशी आपलं काही नातं असेल तर, आणि तेसुद्धा डोळे उघडे ठेवून.

आतेभावाने हिशेब पाहून लगेच होकार दिला. आत्या मात्र पैसे घेईना. “घरच्या मुलाकडून कसले पैसे?” मी म्हटलं, “आत्या, परक्याकडून चार घेणार होतीस, मग माझ्याकडून अकरा का नाही?” शेवटी तिने पाकीट घेतलं आणि म्हणाली, “तेव्हाच तुला हात लावू दिला असता, तर आज तुझे अकरा हजार वाचले असते.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

ते यान आज मी सोबत आणलं आहे. बाहेर मुलांच्या चित्रकला स्पर्धेच्या टेबलावर ठेवलं आहे. हात लावायला कुणालाही मनाई नाही. फक्त जाताना तुकडे मोजून द्या, सध्या ३१७ आहेत.

गणपती बाप्पा मोरया!